रताळे : उपवासापुरतेच का?

महाशिवरात्र जवळ आली की आपल्या वाडीच्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात. उपवास सुटला की मात्र आपण रताळं विसरतो!

बटाटा हे जमिनीखालचे खोड, तर रताळे हे अन्न साठवून फुगलेले मूळ. १०० ग्रॅम कच्च्या रताळ्यात सुमारे ८६ किलोकॅलरी, २० ग्रॅम कर्बोदके आणि ३ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. म्हणून ताकद मिळते, पोटही साफ राहतं.

आता रताळं कापून आतला रंग बघा. साल लाल असली तरी गर बहुधा पांढरा निघतो. त्यात बीटा-कॅरोटीन अगदी कमी असते; केशरी गरात भरपूर. शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करते. हे जीवनसत्त्व कमी पडले तर रातांधळेपणा येतो. 'भू सोना' या केशरी भारतीय वाणात १०० ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते.

रताळं स्वच्छ धुऊन सालीसकट उकडा आणि थोडं तूप लावून खा. तुपामुळे कॅरोटीन चांगले शोषले जाते. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र बेतानेच खावे.

उपक्रम : घरी आणलेल्या रताळ्याच्या सालीचा आणि गराचा रंग वहीत लिहा. केशरी गर सापडला तर वर्गात नक्की सांगा!