घटक 6 : किनाऱ्यावरील निवांत दिवस – प्रवासवर्णनातील क्रिया आणि कर्ता

6.1 उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• प्रवासवर्णनातील निवांत प्रसंगाचे स्वरूप सांगता येईल.
• वाक्यरचनेमुळे क्रिया करणारी व्यक्ती कशी अदृश्य होते, हे ओळखता येईल.
• अशा प्रसंगाचे नेमके वर्णन लिहिता येईल.

6.2 प्रास्ताविक
वादळ, चुकलेली वाट, हरवलेले सामान यांविषयी लिहिणे तुलनेने सोपे असते, कारण तेथे घटनाच लेखकाला पुढे नेते. लांबच्या जलप्रवासात जहाज एखाद्या बेटापाशी थांबते आणि प्रवासी दिवसभर वाळूवर विसावतात, तेव्हा मात्र लेखणी अडखळते. 'दिवस आरामात गेला' या एका वाक्यात सारे संपते. माधवनगर-सांगली परिसरातील विद्यार्थ्याला कृष्णेचा घाट, डोह आणि पूर यांची भाषा अवगत असते. पुळण, भरती-ओहोटी, पडाव हे शब्द त्याला जाणीवपूर्वक मिळवावे लागतात. तथापि खरी अडचण शब्दांपेक्षा वाक्यांची असते.

6.3 विषय-विवेचन
लक्षद्वीपची 'समुद्रम' ही सहल आपण उदाहरणादाखल घेऊ. या पाच दिवसांच्या सहलीत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही बेटे दाखविली जातात. दिवस बेटावर, दुपारचे जेवण तेथेच आणि रात्र जहाजावर, असा तिचा क्रम असतो. बेटांभोवती प्रवाळखडकांनी वेढलेले उथळ पाणी असल्याने मोठे जहाज बाहेर थांबते व प्रवासी लहान होड्यांतून किनारा गाठतात. कोकणातील आगबोटींच्या काळातही अनेक बंदरांत बोट दूर उभी राही आणि उतारूंना पडावातून काठावर यावे लागे.

अशा दिवसाचे, अभ्यासासाठी रचलेले, पुढील वर्णन पाहा :
'सकाळी आम्हांला होडीतून किनाऱ्यावर नेण्यात आले. शहाळी देण्यात आली. दुपारी छान जेवण मिळाले. झाडाखाली झोप लागली. संध्याकाळी जहाजावर परत आणण्यात आले.'

व्याकरणदृष्ट्या यात एकही चूक नाही. परंतु होडी कोणी वल्हवली, शहाळी कोणी सोलली, भात कोणी शिजवला, हे कोठेच येत नाही. 'नेण्यात आले', 'देण्यात आली' या नवीन कर्मणी प्रयोगात क्रिया करणाऱ्याचा उल्लेख टाळता येतो. 'जेवण मिळाले' या वाक्यात तर जेवण हाच व्याकरणातील कर्ता ठरतो. परिणामी प्रवाशाच्या विश्रांतीमागे असलेले बेटावरील माणसांचे श्रम वाचकाच्या दृष्टीआड होतात. एकाचा निवांत दिवस हा दुसऱ्याचा कामाचा दिवस असतो; हे वास्तव येथे भाषेनेच झाकले आहे.

आता हेच वर्णन असे वाचा :
'नावाड्याने लाट ओसरेपर्यंत होडी जहाजापासून हातभर दूर धरली आणि मग एकेकाला हात देऊन उतरवून घेतले. काठावर एका म्हाताऱ्याने कोयत्याच्या तीन घावांत शहाळे उघडून दिले. जेवणानंतर झाडाखाली झोप लागली. जागा झालो, तेव्हा तोच नावाडी होडीत साचलेले पाणी उपसत होता.'

या परिच्छेदात प्रवाशाची विश्रांती कमी झालेली नाही. उलट नावाड्याच्या कामाशेजारी ती अधिक स्पष्ट दिसते. 'झोप लागली' हे वाक्य मात्र तसेच ठेवले आहे, याकडे लक्ष द्यावे. झोप लागणे, वारा सुटणे, कंटाळा येणे या गोष्टी कोणी करीत नाही, त्या होतात. मराठीची ही घडण निवांतपणा व्यक्त करण्यास अतिशय अनुकूल आहे. 'लागणे' हे क्रियापदच पाहा : 'बोट बंदराला लागली' म्हणजे ती पोहोचली, 'मला बोट लागली' म्हणजे प्रवासाने मळमळले. दुसऱ्या वाक्यात माणूस चतुर्थी विभक्तीत जाऊन केवळ अनुभव घेणारा उरतो. म्हणून अशी सर्व वाक्ये बदलू नयेत. जे आपोआप होते ते तसेच लिहावे; जे कोणीतरी करते तेथे करणाऱ्याला स्थान द्यावे.

कर्त्याला स्थान देणे म्हणजे त्याची भाषाही ऐकणे होय. लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांवर मलयाळमशी निगडित बोली बोलली जाते. मिनिकॉयची महल ही भाषा मात्र मालदीवच्या दिवेही भाषेचे रूप असून ती मराठीप्रमाणेच भारतीय-आर्य कुळातील आहे. तिची थाना लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. 1885 मध्ये बांधलेल्या दीपगृहाचे छायाचित्र प्रत्येक प्रवासी घेतो. आपल्या भाषेची ही दूरची नातेवाईक मात्र कान देणाऱ्यालाच भेटते.

6.4 सारांश
निवांत दिवसाच्या वर्णनात घटना कमी असल्या, तरी क्रिया पुष्कळ असतात. त्या क्रिया करणारी माणसे वाक्यात आली, की वर्णन नेमके आणि प्रामाणिक होते. जे आपोआप घडते, त्यासाठी मराठीतील अनुभवदर्शक रचना कायम ठेवाव्यात.

6.5 स्वाध्याय
1. वर दिलेल्या पहिल्या परिच्छेदातील नवीन कर्मणी प्रयोगाची वाक्ये शोधा.
2. 'लागणे' या क्रियापदाचे आणखी चार अर्थ वाक्यांसह लिहा.
3. नदीघाट, जत्रा किंवा लग्नघर येथे घालविलेल्या एका निवांत दिवसाचे 150 शब्दांत वर्णन करा. त्या दिवशी आपल्यासाठी राबलेल्या किमान तीन व्यक्ती त्यात कर्ता म्हणून याव्यात.