घटक ४ : लॅक्स्टन – एका इंग्लिश खेड्याची भूमी, समूहजीवन आणि भाषा

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस –
• खुल्या शेतांच्या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• जमिनीची मांडणी आणि गावाचे सामूहिक निर्णय यांतील संबंध सांगता येईल.
• शेतीव्यवहारातून घडलेल्या काही शब्दांचा अर्थविस्तार उलगडता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथामुळे मराठी खेड्याची रचना आपणांस परिचित आहे. गाव म्हणजे केवळ घरांचा समूह नव्हे. जमीन, हक्क आणि जबाबदाऱ्या यांची ती एक व्यवस्था असते. अशी व्यवस्था इतरत्रही होती काय? गव्हर्नर जनरलच्या मंडळात कायदेविषयक सभासद म्हणून भारतात काम केलेल्या हेन्री मेन यांनी १८७१ मध्ये पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील ग्रामसमाजांची तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडमधील जुन्या सामाईक शेतीच्या खुणा त्यांनी त्यात तपासल्या. ती शेती एका इंग्लिश खेड्यात आजही चालू आहे. नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्स्टन हे ते खेडे होय.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ गावाची मांडणी

लॅक्स्टनची जमीन भारी, चिकण मातीची आहे. गावाच्या उत्तरेस एका जुन्या किल्ल्याचे मातीचे उंचवटे आहेत, मध्यभागी चर्च आहे आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंस शेतकऱ्यांची घरे आहेत. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत शेतकऱ्याचे घर त्याच्या शेतात, गावापासून दूर असते. येथे मात्र घरे गावातच राहिली. याचे कारण सरळ आहे : एकाच शेतकऱ्याचे पट्टे वेगवेगळ्या दिशांना विखुरलेले असल्यामुळे सर्वांना सोयीची जागा गावाच्या मध्यभागीच होती.

गावाभोवती पश्चिम शेत, दक्षिण शेत आणि गिरणी शेत अशी तीन विस्तीर्ण शेते आहेत. त्यांत कुंपणे नाहीत. शेजारी-शेजारी लांबट पट्टे आहेत. १६३५ मध्ये मार्क पिअर्स यांनी काढलेल्या गावाच्या नकाशात असे दोन हजारांहून अधिक पट्टे दिसतात. हा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जतन केलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पट्टे एकत्र करून त्यांची संख्या बरीच कमी करण्यात आली. पद्धत मात्र टिकली.

४.३.२ पीकपालट आणि परस्परावलंबन

तीन शेतांपैकी एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंत ऋतूत पेरावयाचे पीक आणि तिसरे पडीक, असा क्रम दरवर्षी फिरत असे. पडीक शेतात साऱ्या गावाची गुरे चरत. आता या क्रमाची मर्यादा लक्षात घ्या. एकाने पेरणी किंवा कापणी उशिरा केली, तर गुरे सोडण्यास अडथळा होई. एकाने नांगर थोडा बाहेर वळवला, तर शेजाऱ्याची जमीन किंवा सर्वांची वाट कमी होई. म्हणून 'माझ्या शेतात मी काय करावे' हा प्रश्न येथे कधीच केवळ एकट्याचा नव्हता.

४.३.३ गावाचे न्यायालय

या प्रश्नाचा निर्णय करणारी संस्था म्हणजे 'कोर्ट लीट'. नोव्हेंबरअखेरच्या सुमारास शेतकऱ्यांमधून नेमलेले ज्यूरी नव्याने गहू पेरलेल्या शेताची चालत पाहणी करतात, हद्दींवर खुंट ठोकतात आणि कोणी वाटेवर किंवा सामाईक गवतावर नांगर घातला असल्यास त्याची नोंद घेतात. त्यानंतर आठवड्याभराने न्यायालय भरते. तेथे दंड कायम होतात आणि पुढील वर्षाचे ज्यूरी शपथ घेतात. इंग्लंडमधील अशा बहुतेक न्यायालयांचे अधिकार १९७७ च्या कायद्याने संपले. लॅक्स्टनच्या न्यायालयाचे अधिकार मात्र राखण्यात आले.

या व्यवस्थेला समतेचे चित्र समजणे चूक ठरेल. जमीन जमीनदाराची होती, शेतकरी तिचे खंडकरी होते आणि प्रत्येकाकडील क्षेत्र सारखे नव्हते. १९५२ मध्ये ही मालमत्ता अर्ल मॅन्व्हर्स यांच्याकडून शासनाच्या कृषी खात्याने विकत घेतली, १९८१ मध्ये ती राजसत्तेच्या मालमत्तांची व्यवस्था पाहणाऱ्या क्राउन इस्टेटकडे आणि २०२० मध्ये थोरस्बी इस्टेटकडे गेली. मालक बदलले, तरी पाहणी करणारे ज्यूरी गावचेच राहिले.

इतरत्र काय झाले? १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने जमिनी कुंपणबंद करणारे पाच हजारांहून अधिक कायदे केले. सामाईक शेते खासगी झाली. उत्पादन वाढविण्याचा हा मार्ग मानला गेला. परंतु सामाईक चराईवर गाय राखणाऱ्या अनेक गरिबांचा आधार तुटला.

४.३.४ शब्दांतील शेती

'लॅक्स्टन'मधील 'टन' हे अंत्यपद जुन्या इंग्लिशमधील वस्तीवाचक शब्दापासून आले आहे. जवळच्या 'थोरस्बी'मधील 'बी' मात्र स्कँडिनेव्हियन आहे; त्या लोकांच्या वसाहतीची ती खूण होय. नांगरता न येणाऱ्या ओलसर गवताळ भागांना लॅक्स्टनमध्ये 'साइक' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ लहान ओढा.

आता आपल्या परिचयाचे दोन शब्द पाहा. 'फर्लांग' म्हणजे मुळात नांगराच्या एका तासाची लांबी. पुढे ती २२० यार्ड अशी निश्चित झाली. 'एकर' याचा मूळ अर्थ शेत. एक फर्लांग लांब आणि २२ यार्ड रुंद पट्टा म्हणजे ४,८४० चौरस यार्ड, अर्थात एक एकर. आपला ४० गुंठ्यांचा हिशेब याच मापाशी जुळतो. सातबाऱ्याच्या संदर्भात एकराचा उल्लेख करताना आपण नकळत इंग्लंडच्या खुल्या शेतातील पट्ट्याचे माप उच्चारत असतो.

४.४ सारांश

लॅक्स्टनमध्ये विखुरलेल्या पट्ट्यांमुळे एकत्रित पीकपालट, पीकपालटामुळे सामूहिक नियम आणि नियमांमुळे न्यायालय आवश्यक ठरले. जमिनीची मांडणी बदलली की निर्णयाची रीत बदलते; आणि त्या रीतीबरोबर तिचे शब्दही वापरातून जातात. जेथे रीत टिकली, तेथे 'साइक' हा शब्द आजही रोजच्या व्यवहारातला आहे.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. लॅक्स्टनमधील शेतकऱ्यांची घरे गावातच का राहिली?
२. ज्यूरींची पाहणी ही पीकपालटाशी कशी निगडित आहे?
३. 'फर्लांग' व 'एकर' या शब्दांच्या अर्थातील बदल स्पष्ट करा.

उपक्रम : आपल्या गावातील किंवा परिसरातील वयस्कर शेतकऱ्यांना भेटून शेतांची, बांधांची व गायरानाची पाच स्थानिक नावे नोंदवा. त्यांपैकी कोणती नावे तरुण पिढीला ठाऊक नाहीत, आणि त्या जागेचा वापर केव्हा बदलला, हे प्रत्येक नावापुढे लिहा.