शनीची चाल मंद का?

आपल्या पूर्वजांनी शनीला ‘शनैश्चर’, म्हणजे सावकाश चालणारा, असे नाव दिले. आकाशाचे वर्षानुवर्षे निरीक्षण केल्याखेरीज असे नाव सुचणे शक्य नाही. चंद्र सुमारे सव्वादोन दिवसांत एक राशी ओलांडतो. गुरूला त्यासाठी सुमारे एक वर्ष लागते, तर शनी एकेका राशीत सुमारे अडीच वर्षे असतो. तीन राशींची मिळून साडेसात वर्षे होतात; ‘साडेसाती’ हा शब्द त्यातूनच आला. या शब्दाने आजही अनेक घरांवर काळजीची छाया पसरते, ठरलेली कार्ये पुढे ढकलली जातात आणि प्रसंगी कर्ज काढून शांती केली जाते. म्हणूनच या मंद गतीचे खरे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

केप्लर यांचे नियम

या प्रश्नाचा उलगडा योहानेस केप्लर या जर्मन गणितज्ञाच्या संशोधनातून झाला. डेन्मार्कचे ज्योतिर्विद टायको ब्राहे यांनी दुर्बिणीच्या शोधापूर्वीच ग्रहांच्या स्थानांच्या अत्यंत अचूक नोंदी केल्या होत्या. १६०१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर या नोंदी केप्लर यांच्या हाती आल्या. मंगळाच्या नोंदींचा अनेक वर्षे अभ्यास करून १६०९ मध्ये त्यांनी दोन नियम प्रसिद्ध केले. ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असून सूर्य तिच्या एका नाभीत असतो, हा पहिला नियम. ग्रह सूर्याच्या जवळ असताना वेगाने व दूर असताना सावकाश जातो. त्याला सूर्याशी जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते, हा दुसरा. तिसरा नियम १६१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रहाच्या परिभ्रमणकाळाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो, असे हा नियम सांगतो.

असे का घडते?

याचे कारण आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये दाखवून दिले. शेताची राखण करणारा शेतकरी गोफण फिरवितो, तेव्हा दगड दोरीच्या ओढीमुळे वर्तुळात फिरत राहतो. ग्रहाच्या बाबतीत दोरीचे हे काम सूर्याचे गुरुत्वाकर्षण करते. अंतर दुप्पट झाल्यास ही ओढ एकचतुर्थांश होते. ओढ जेथे क्षीण, तेथे मंद गतीनेच ग्रह त्या कक्षेत राहू शकतो. हिशेब केल्यास असे आढळते की, अंतर चौपट झाले तर वेग निम्मा होतो.

सूर्याला सर्वांत जवळचा बुध सेकंदाला सरासरी सुमारे ४७ किलोमीटर वेगाने धावतो व ८८ दिवसांत सूर्यप्रदक्षिणा पुरी करतो. पृथ्वीचा वेग सुमारे ३० किलोमीटर, गुरूचा १३, तर शनीचा १० किलोमीटरांहून थोडा कमी आहे. शनी पृथ्वीच्या सुमारे साडेनऊ पट दूर आहे. म्हणजे त्याची वाट साडेनऊ पट लांब, आणि वेग पृथ्वीच्या सुमारे ३.१ पट कमी. या दोन आकड्यांचा गुणाकार सुमारे साडेएकोणतीस येतो आणि शनीची प्रदक्षिणाही तितक्याच वर्षांत पुरी होते. हा काळ बारा राशींत वाटला की प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे अडीच वर्षे येतात.

दिनदर्शिकेतील पुरावा

दुसऱ्या नियमाचा पडताळा वाचकांना घरबसल्या घेता येईल. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, तर जुलैच्या आरंभी सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर अंतरावर असते. जानेवारीत तिचा वेग सेकंदाला सुमारे एक किलोमीटरने अधिक असतो. आता दिनदर्शिका घेऊन दिवस मोजावेत. २१ मार्च ते २३ सप्टेंबर हे अंतर १८६ दिवसांचे, तर २३ सप्टेंबर ते पुढील २१ मार्च हे केवळ १७९ दिवसांचे भरते. दोन विषुवदिनांमधील हिवाळी अर्ध पृथ्वी अधिक वेगाने ओलांडते, त्याचाच हा परिणाम होय.

उपग्रहांनाही तोच नियम

पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रहही याच नियमाने बांधलेले आहेत. १९८८ मध्ये सोडलेला भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून सुमारे १०३ मिनिटांत एक फेरी पुरी करीत असे. याउलट विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात होते. त्यामुळे ते आकाशात एकाच जागी स्थिर भासतात आणि छपरावरील तबकडी फिरवावी लागत नाही.

सारांश, शनी मंद चालतो तो कोणावर कोप धरून नव्हे, तर तो सूर्यापासून दूर आहे म्हणून. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. त्याचा आरंभ एखाद्या निरभ्र रात्री मुलांना अंगणात नेऊन शनी दाखविण्यापासूनही करता येईल. ज्याची वाट व गती आपण मोजू शकतो, त्याचे भय बाळगण्याचे कारण उरत नाही.