अडेनियमला झारी दाखवण्याआधी

सोनू, गेल्या महिन्यात माझ्याकडची अडेनियमची कुंडी मांडीवर घेऊन तू मोंबासाहून नैरोबीला गेलीस आणि परवा फोनवर मोठ्या कौतुकानं म्हणालीस, "मावशी, मी त्याला रोज न चुकता पाणी घालते हं!" मी तेव्हा काही बोलले नाही, पण रात्री झोप लागली नाही. रोज न चुकता पाणी घालूनच मी पहिली सहा झाडं मारली आहेत. म्हणून हे लिहून पाठवते. फ्रिजवर लावून ठेव. मावशी पाल्हाळ लावते असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, फक्त कुंडीसमोर नको.

१. आधी ते कुणाच्या घरचं आहे ते ओळख – डेझर्ट रोझ म्हणतात म्हणून गुलाबासारखं वागवलंस तर फसशील. ते आपल्या कण्हेर-चाफ्याच्या कुळातलं. सेनेगलपासून सोमालियापर्यंत, खाली टांझानियात आणि समुद्रापलीकडे अरबस्तानात, जिथे महिनोन्‌महिने पाऊस फिरकत नाही तिथे खोडात पाणी साठवून राहणारं झुडूप आहे ते.

२. त्याचं पोट सुटलेलं दिसतं त्याला हसू नकोस – तीच त्याची टाकी. पीटर फोर्स्कोल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं येमेनमध्ये ते पाहिलं आणि 'ओबेसम', म्हणजे लठ्ठ, असं सरळ नावच ठेवलं.

तो बिचारा १७६३ मध्ये तिथेच हिवतापानं गेला. त्याची टिपणं त्याचा सोबती कार्स्टन नीबूर यानं १७७५ मध्ये छापली. हा नीबूर येमेनहून निघाला तो थेट मुंबईला आला, वर्षभराहून जास्त राहिला आणि घारापुरीच्या लेण्यांची चित्रं काढून घेऊन गेला. म्हणजे या झाडाच्या नावाला थोडं मुंबईचं पाणी लागलेलं आहे, असं आपलं मी म्हणते. पुण्याच्या माईच्या गच्चीवर आज त्याच्या अकरा कुंड्या आहेत, ते उगीच नाही.

३. पाणी घालायच्या आधी बोट दोन पेरं मातीत खुपस, ओल लागली तर झारी जागेवर ठेव – वरची माती नैरोबीच्या वाऱ्यानं सकाळीच वाळते, खाली मात्र चिखल असतो.

४. घालशील तेव्हा तळातून वाहीपर्यंत घाल आणि मग खुशाल विसर – रोज घोटघोट पाजलं की मुळं वरच घुटमळतात, खाली जात नाहीत.

५. कुंडीखालची बशी काढून टाक – पाय ओले ठेवून तूसुद्धा झोपणार नाहीस.

६. मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर, पाऊस लागला की कुंडी छपराखाली घे – एक सर चालते, आठवडाभराची झड चालत नाही.

७. दर रविवारी खोड अंगठ्यानं दाबून बघ – कडक लागलं तर पोट भरलेलं आहे. सगळीकडून सारखंच मऊ आणि जरा सुरकुतलेलं असेल तर तहान, आणि मातीजवळ एकाच जागी अंगठा आत गेला तर कूज.

हे सातवं मी फार उशिरा शिकले. माझं तिसरं झाड मनगटाएवढ्या खोडाचं होतं आणि वरून हिरवंगार, दोन कळ्याही धरलेल्या. मोलकरीण म्हणाली, बाई, याला वास येतोय. मी हसले. संध्याकाळी कुंडी उचलायला खोडाला धरलं, तर साल हातात आली आणि आतून पिवळसर, सडक्या बटाट्याच्या वासाचं पाणी बोटांवरून ओघळलं. कळ्या तशाच ताज्या होत्या. इथल्या बायका नेसतात त्या कांगांच्या काठाशी स्वाहिलीत एखादं वाक्य छापलेलं असतं. माझ्यासाठी कुणी कांगा छापली तर त्यावर लिहायला सांगेन : तहानलेलं झाड हाक मारतं, कुजणारं झाड फुलं दाखवतं.

८. कूज दिसली तर रडत बसू नकोस, झाड उपट, मुळं धू आणि पांढरा स्वच्छ गर दिसेपर्यंत काप – एक तपकिरी ठिपका मागे ठेवलास तर महिन्याभरात पुन्हा तेच.

९. सुरी दर कापाला स्पिरिटनं पूस – एका फांदीची कूज सुरीच दुसरीकडे नेऊन पोचवते.

१०. कापलेल्या जागी कोळशाची किंवा दालचिनीची पूड चोळ आणि झाड सावलीत आठवडाभर उलटं टांगून ठेव – जखम वाळू दे. आठवडाभर मातीशिवाय राहिल्यानं अडेनियम मरत नाही. ओल्या जखमेनं मातीत गेलं तर मरतं.

आता मातीचं. यात माझे बरेच शिलिंग वाया गेलेत.

११. तुझ्या अंगणातली काळी माती कुंडीत घालू नकोस – नैरोबीत जिला ब्लॅक कॉटन म्हणतात ती आपल्या देशावरच्या काळ्या मातीची सख्खी बहीण. पाणी धरते आणि सोडत नाही, कापसाला चांगली, याला फास.

१२. निम्म्याहून जास्त रेव, विटेचे तुकडे किंवा खापऱ्या, आणि उरलेल्यात जुनं शेणखत – मूठ आवळून सोडलीस की मिश्रण भुरभुर पडलं पाहिजे, लाडू वळला तर पुन्हा रेव घाल. रिफ्ट दरीकडचा हलका पमिस दगड मिळाला तर वीट फोडायचे कष्टही वाचतील.

१३. पुढच्या वेळी मोंबासाला आलीस की समुद्राची वाळू पिशवीत भरून नेऊ नकोस, मागे तुझ्या भावानं नेली होती – तिच्यात मीठ असतं. नदीची वाळू घे.

१४. बोअरचं मचूळ पाणी असेल तर पावसाचं पाणी बादलीत साठवून ते वापर – क्षारांनी पानांची टोकं करपतात आणि कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात.

१५. कुंडी खोडापेक्षा चार बोटं मोठी, बस. आणि उथळ पसरट – मोठ्या घरात आलेली सून हरवते, मोठ्या कुंडीतलं मूळ कुजतं. सून मी आपली उपमेसाठी घातली, मनाला लावून घेऊ नकोस.

१६. दोन वर्षांनी कुंडी बदलताना झाड दोन बोटं वर उचलून लाव – माती खाली राहते, मुळांचे पीळ दिसू लागतात, आणि लोक विचारतात, 'हे बोन्साय कुठे घेतलंत?'

१७. उघड्या पडलेल्या नव्या मुळांवर पहिले काही आठवडे जुनं फडकं टाक – जन्मभर अंधारात राहिलेल्या सालीला ऊन एकदम सोसत नाही, भाजते.

१८. कुंडीच्या एका बाजूला खडूनं खूण कर आणि हलवलीस तरी तीच बाजू उन्हाकडे ठेव – सावलीकडची साल अचानक उन्हात आली तर डाग पडतो, आणि तो डाग कायमचा.

१९. दिवसाला सहा तास ऊन दे – सावलीत ते पानं देईल, उंच होईल, पण फुलाचं नाव काढणार नाही.

मे संपत आलाय, आणि तुझी खरी परीक्षा पुढेच आहे. मोंबासात हे झाड बारा महिने सुखात असतं. नैरोबी सतराशे मीटर उंचीवर. जून ते ऑगस्ट दिवसभर ढग, आणि रात्री पारा अकरा-बारा अंशांवर. तू स्वेटर घालशील, झाड पानं गाळेल.

२०. पानं पिवळी पडून गळायला लागली की पाणी वाढवू नकोस, कमी कर – ते आजारी नाही, झोपतंय. झोपलेल्याला पाणी पाजलं तर ठसका लागतो.

२१. कुंडी सिमेंटच्या थंड फरशीवरून उचल आणि दोन विटांवर किंवा जुन्या पाटावर ठेव – मुळांना गारठा खालून लागतो, वरून नाही.

२२. दुपारचं ऊन झेलणारी भिंत असेल तर तिच्याशी टेकव – भिंत दिवसा शेकते आणि रात्री थोडी ऊब परत देते.

२३. या दिवसांत खत नाही, छाटणी नाही, कुंडीबदल नाही – झोपलेल्याचे केस कुणी कापतं का? सप्टेंबरात नवे कोंब दिसले की मग काय हवं ते कर.

२४. निष्पर्ण झालं म्हणून लाजू नकोस – त्सावो उद्यानाच्या लाल मातीत मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक पान नव्हतं. राखाडी काटेरी रान, आणि मध्येच हे बुटकं खोड, त्यावर गर्द गुलाबी फुलं. मला वाटलं, कुणी कागदाची चिकटवली आहेत.

२५. तिथून उपटून आणायचं मात्र मनातही आणू नकोस – राष्ट्रीय उद्यानातून झाड काढणं गुन्हा आहे. बियांचं रोप घे. पुण्याच्या माईला बिया द्यायचा मोह झाला तरी विमानात गुपचूप नेऊ नकोस, परवान्याशिवाय भारतात चालत नाही.

२६. छाटताना हातमोजे घाल, चीक लागला तर लगेच साबणानं धू, डोळ्याला हात लावू नकोस – टांझानियात एयासी सरोवराकडचे हडझा शिकारी याच झाडाचा चीक आटवून बाणाला लावतात, तो हृदयावर परिणाम करतो. तुझ्या शेजारणीचं पिल्लू जे दिसेल ते चावतं, त्याच्यापासून कुंडी उंचावर ठेव.

२७. पानाच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं की त्याच दिवशी काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटनं पूस – पिठ्या ढेकूण सोमवारी दोन असतात, शनिवारी लग्नाचं वऱ्हाड.

२८. पानांची मागची बाजू भिंगातून बघ, बारीक जाळं दिसलं तर सकाळी पानांखालून पाण्याचा फवारा मार – लाल कोळ्याला कोरडं आवडतं, ओल नाही.

२९. कडुलिंबाचं तेल फवारायचं तर सूर्य कलल्यावर – उन्हात तेलानं पानं भाजतात. कडुलिंबाला इथे मुआरोबाइनी म्हणतात, चाळीस दुखण्यांवरचं झाड. आपल्याकडून आलेलं, पण इथे माहेरी असल्यासारखं पसरलंय.

३०. एका रात्रीत पानं निम्मी झाली आणि खाली काळ्या लेंड्या पडल्या असतील तर जाडजूड हिरवी अळी शोध, पाठीवर निळे डोळे काढलेले असतात – कण्हेरीवरची तीच. चिमट्यानं उचलून लांब सोड. पतंग सुंदर होतो, मारू नकोस.

३१. शिंगांसारख्या दोन शेंगा जोडीनं लागल्या तर आनंदानं नाचण्याआधी त्यांना तीन ठिकाणी दोरा बांध – पिकल्या की आपोआप फुटतात, आणि दोन्ही टोकांना केसांचे झुपके असलेल्या बिया वाऱ्यावर निघून जातात. मी एकदा भाजी आणायला गेले होते, परत आले तर रिकाम्या शेंगा आणि शेजारच्या गुजराती वहिनींच्या गच्चीवर म्हाताऱ्या उडत होत्या.

३२. बी ताजं असतानाच पेर – आठवड्याभरात उगवतं, जुनं बी मात्र रुसतं. फांदीही लागते, पण तिला असं लठ्ठ पोट क्वचितच येतं, म्हणून बीच बरं.

३३. कुंडीवर मागच्या पाण्याची तारीख लिहून ठेव – तुला वाटेल कालच घातलं, आणि घरातल्या दुसऱ्याला वाटेल महिना झाला.

मी जुलैत गाडीनं येणार आहे. खिडकीची जागा मिळाली तर व्होईपासून बाहेर त्सावो बघत येईन, नाही मिळाली तरी हरकत नाही. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. त्या दिवशी सकाळी झाडाला पाणी घालू नकोस एवढंच कर. मला त्याचं पोट दाबून बघायचंय.