दडविलेल्या फाइली परत कशा मिळवाव्यात

एखादा विद्यार्थी आपला प्रबंध छापून घेण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात जातो, तेथील संगणकाला आपला पेन ड्राइव्ह जोडतो आणि काम उरकून घरी येतो. घरी पाहतो तो वर्षभराच्या श्रमाचे सर्व फोल्डर दिसेनासे झालेले! त्यांच्या जागी त्याच नावांची, परंतु कोपऱ्यात वाकडा बाण असलेली चित्रे तेवढी उरलेली असतात. सारे गेले असे समजून तो ड्राइव्ह ‘फॉरमॅट’ करावयास निघतो. वास्तविक त्या घटकेपर्यंत त्याची एकही फाइल नष्ट झालेली नसते; ती नष्ट होईल या घाईमुळे. असे का, हे समजण्यासाठी संगणक फाइलींची नोंद कशी ठेवतो ते प्रथम पाहिले पाहिजे.

१. फाइल आणि तिची नोंद

ग्रंथालयात पुस्तके कपाटात असतात व त्यांची माहिती नोंदवहीत असते. पेन ड्राइव्हवरही तशीच व्यवस्था आहे. ‘फॅट’ या प्रचलित पद्धतीत प्रत्येक फाइलीची अथवा फोल्डरची मूळ नोंद ३२ बाइटांची असते. पहिल्या ११ बाइटांत नाव असते. बारावा बाइट गुणदर्शक चिन्हांसाठी राखलेला असतो. पुढील बाइटांत तारीख, मजकूर जेथे सुरू होतो ते स्थान आणि फाइलीचा आकार यांची नोंद असते.

बाराव्या बाइटात प्रत्येक गुणाला एक अंक दिलेला आहे: ‘केवळ वाचनासाठी’ १, ‘दडविलेली’ २, ‘संगणकव्यवस्थेची’ ४, ‘फोल्डर’ १६. जे गुण लागू असतील त्यांच्या अंकांची बेरीज तेथे लिहिली जाते. यांतील ‘दडविलेली’ हे चिन्ह व्हायरसने निर्माण केलेले नव्हे. संगणकाच्या स्वतःच्या फाइलींना चुकून कोणी हात लावू नये, या हेतूने ते १९८१ साली आलेल्या पीसी-डॉसच्या काळापासून वापरात आहे.

२. व्हायरस काय करतो

साध्या फोल्डरच्या बाराव्या बाइटात १६ हा अंक असतो. व्हायरस त्यात २ आणि ४ मिळवून तेथे २२ लिहितो. एवढ्याने फोल्डर दृष्टिआड होतो. आतील मजकुराच्या एका अक्षरालाही धक्का लागत नाही. मग त्याच नावाचा एक ‘शॉर्टकट’ तेथे ठेवला जातो. तो उघडताच प्रथम व्हायरस चालू होतो आणि लगेच खरा फोल्डरही उघडून दाखविला जातो. त्यामुळे कोणासही संशय येत नाही. ‘गॅमारू’ अथवा ‘अँड्रोमेडा’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार तर सर्व फाइली एका नाव नसल्यासारख्या दिसणाऱ्या फोल्डरमध्ये हलवीत असे. त्याचे जाळे २०१७ साली अनेक देशांच्या पोलीस यंत्रणांनी मिळून मोडून काढले. तथापि ही युक्ती अद्याप वापरात आहे.

३. निदान

ड्राइव्हचे गुणधर्म उघडून किती जागा व्यापलेली आहे ते पाहावे. दिसणारे शॉर्टकट अवघ्या एक-दोन किलोबाइटांचे असतात; असे असूनही व्यापलेली जागा पूर्वीइतकीच दिसत असेल, तर फाइली जागेवरच आहेत असे समजावे.

४. उपाय

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली गोष्ट, कोणताही शॉर्टकट उघडू नये व ड्राइव्ह फॉरमॅट करू नये.

दुसरी गोष्ट, अद्ययावत व्हायरसरोधकाने संगणक आणि ड्राइव्ह दोन्ही तपासून स्वच्छ करावेत. संगणकात व्हायरस जागा असेल, तर काढलेली चिन्हे तो क्षणार्धात पुन्हा लावतो. भारत सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत अशा शुद्धीकरणाची साधने विनामूल्य मिळतात.

तिसरी गोष्ट, चिन्हे काढावीत. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ए-टी-टी-आर-आय-बी ही सहा इंग्रजी अक्षरे टंकावीत. त्यापुढे उणे एच, उणे एस, उणे आर. नंतर ड्राइव्हचे अक्षर, कोलन, उलटी तिरपी रेघ व तारका. आणि शेवटी तिरपी रेघ एस व तिरपी रेघ डी असे लिहावे. प्रत्येक भागानंतर एक जागा मोकळी सोडावी. ड्राइव्हच्या अक्षरापासून तारकेपर्यंतचा भाग मात्र सलग लिहावा. शेवटच्या दोन खुणांमुळे ही आज्ञा आतील फोल्डरांपर्यंत पोहोचते.

एच आणि एस ही दोन्ही चिन्हे एकदमच काढावी लागतात. केवळ एच काढू पाहिल्यास, ही व्यवस्थेची फाइल आहे असे सांगून विंडोज नकार देते. माउसने गुणधर्मांच्या चौकटीतून ‘दडविलेली’ ही खूण काढता येत नाही, त्याचेही कारण हेच. ही आज्ञा संगणकाच्या मुख्य ड्राइव्हवर मात्र कधीही देऊ नये. तेथील चिन्हे योग्य कारणासाठी लावलेली असतात.

चौथी गोष्ट, परत मिळालेल्या फाइलींची प्रत अन्यत्र ठेवावी व ती उघडून पाहावी. त्यानंतरच शॉर्टकट काढून टाकावेत आणि इच्छा असल्यास ड्राइव्ह फॉरमॅट करावा.

५. उपायाची मर्यादा

पुसून टाकलेली फाइल ही निराळी गोष्ट आहे. तेथे नोंदीतील नावाचे पहिले अक्षर बदलून २२९ हा अंक लिहिला जातो आणि जागा मोकळी समजली जाते; त्या जागेवर नवे काही लिहिले जाण्यापूर्वीच ती परत मिळण्याची आशा असते. २०१७ सालच्या ‘वॉनाक्राय’सारख्या खंडणीखोर व्हायरसांनी मूळ मजकूरच गूढलिपीत बदलला. अशा वेळी चिन्हे काढून काहीही साधत नाही. दुसरी प्रत जपून ठेवली असेल तरच निभाव लागतो.

सारांश, नोंद बदलणे म्हणजे वस्तू नाहीशी होणे नव्हे. पुस्तक कपाटात असता केवळ नोंदवहीत ते दिसत नाही म्हणून कोणी कपाट जाळीत नाही. संगणकाच्या बाबतीतही प्रथम निदान व मग उपाय हाच नियम पाळावा.