बटाटा हिरवा का पडतो?

बटाटा जमिनीखाली वाढतो म्हणून आपण त्याला मूळ समजतो. पण तो आहे खोड. रताळे मात्र मूळ. बटाट्याला डोळे असतात व त्यांतून कोंब फुटतात, ही खोडाची खूण. आले, हळद, सुरण हीही अन्न साठवणारी खोडेच. जामखेडच्या माळावरील फड्या निवडुंगाचा हिरवा, जाड, पानासारखा भागही खोडच. ते पाणी साठवते आणि पानांचे कामही करते.

बटाटाही खोड असल्याने उजेड लागताच हिरवा होतो. हा हिरवा रंग घातक नाही. पण त्याच वेळी सोलॅनिन हे विष वाढते. कोंबांतही ते असते. जास्त पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, जुलाब, पोटदुखी, डोकेदुखी होते. उकडून ते जात नाही. बाजार उठताना स्वस्तात मिळणारा वाटा म्हणूनच नीट पाहून घ्या.

बटाटे अंधाऱ्या, थंड, हवेशीर जागी ठेवा. थोडा हिरवा भाग वा कोंब असल्यास खोलवर कापून काढा. फार हिरवा किंवा कडू बटाटा टाकूनच द्या. लेकरांना मुळीच देऊ नका. त्रास झालाच तर ओआरएस पाजा आणि लगेच आरोग्य केंद्र गाठा.