हिशेब दुसऱ्यालाही वाचता यावा
संगणकाच्या चार भाषांची तुलना



सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि लिहिणाऱ्याने तो न्यायाने लिहिण्याची ताकीद आहे. पूर्वी हे काम मुनीमजी करीत. आता जळगावच्या सराफीत काय किंवा धुळ्याच्या यंत्रमागावर काय, ते संगणकाकडे जात आहे. पण संगणकाला दिलेल्या सूचना, म्हणजे प्रोग्रॅम, मालकाने बहुधा पाहिलेलाच नसतो. लिहिणारा मुलगा पुण्याला निघून गेला की दर किंवा कर बदलताना दुकान अडते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा जुने हिशेबी प्रोग्रॅम बदलावेच लागले. म्हणून प्रोग्रॅम दुसऱ्याला वाचता येणे ही धंद्याची गरज आहे.

मोडी आणि बाळबोध

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागदपत्रे आहेत. मोडी हात न उचलता भराभर लिहिता येते, पण आज वाचायला जाणकार शोधावा लागतो. बाळबोध लिहायला वेळ लागतो, पण शाळेतले पोरही वाचते. संगणकाच्या भाषांतही असाच फरक आहे.

एकच हिशेब, चार भाषा

जकातीचा चाळिसावा हिस्सा घेऊ. ४,००,००० रुपयांवर १०,००० रुपये.

कोबॉल : १९५९-६० मध्ये खास व्यापारी हिशेबासाठी तयार झाली. ‘मल्टिप्लाय रकम बाय ०.०२५ गिव्हिंग जकात’ असे जवळजवळ बोलल्यासारखे लिहितात. वाचायला सोपी, पण लांबलचक.

सी : १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी केली. ‘ज = र / ४०;’ एवढ्यात काम होते. आटोपशीर, पण कंस आणि चिन्हे फार. हीच मोडी समजा.

फॉक्सप्रो : ‘रिप्लेस ऑल जकात विथ रकम * ०.०२५’ म्हटले की साऱ्या खातेदारांच्या नोंदी एका ओळीत बदलतात. वाचायला सरळ, पण मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये तिचा पाठिंबा बंद केला.

पायथॉन : १९९१ मध्ये गिडो व्हॅन रॉसम यांनी आणली. ‘जकात = रकम * ०.०२५’. कंसांऐवजी ओळ आत सरकवून सूचनांचा गट दाखवतात, म्हणून पान स्वच्छ दिसते.

सोपे दिसते ते बरोबरच असते का?

नाही. सी भाषेत ‘रकम * (१ / ४०)’ असे लिहिले तर उत्तर शून्य येते! पूर्णांकांच्या भागाकारात ती अपूर्णांक टाकून देते, म्हणून कंसातच शून्य होते. २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ मध्ये त्याच ओळीचे उत्तर बरोबर येते. शिवाय भाषा कोणतीही असो, लिहिणाऱ्याने ‘रकम’ऐवजी ‘क्ष१’ असे नाव दिले, तर दुसऱ्याला काहीच कळणार नाही.

प्रोग्रॅम करून घेताना

१. मूळ प्रोग्रॅमची प्रत स्वतःकडे ठेवण्याचे आधीच ठरवा.
२. नावे धंद्यातलीच ठेवायला सांगा : अडत, मजुरी, तूट.
३. प्रत्येक हिशेबाच्या वर एका ओळीत खुलासा लिहून घ्या.
४. दुसऱ्या जाणकाराकडून वाचून घ्या. त्याला कळले नाही, तर पूर्ण पैसे देऊ नका.
५. दहा बिले हाताने करून ताळा पाहा.

मुनीमजी बदलले तरी वही तीच राहत असे. प्रोग्रॅमचेही तसेच व्हावे.